बापाला सवड भेटो

लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी, आणि तिला आणायला बाप नाहीतर भाऊ जातो. माझ्या भागीरथाला भाऊ नाही. बाप आहे, पण तो वांकिडीच्या आसपासच्या सहा गावांतल्या ख्रिस्ती मंडळीचा पाळक आहे, म्हणजे कायम सायकलवर आहे.

एक्क्याण्णव साली महिनाभर हेच चाललं होतं. पहिल्या आठवड्यात एका गावी बाप्तिस्मा निघाला. दुसऱ्यात कुणा म्हातारीची माती होती. तिसऱ्यात दोन भाऊ बांधावरून भांडले आणि समेटाला आमचे हेच हवे होते. शेवटी मी एकटीच दोन बस बदलून नेरडीगोंड्याला गेले. विहीणबाईंनी चहा पाजला, साडी नेसवली, आणि व्याही आल्याशिवाय सून पाठवायची नाही म्हणून गोड बोलून मला वाटेला लावलं. चूक त्यांची नव्हती. सातवा महिना सरायला आता चार दिवस उरले होते. आठव्यात आमच्याकडे लेकीला हलवत नाहीत, आणि नवव्यात तिला बसच्या धक्क्यांत कोण बसवणार? भागीरथानं चिठ्ठीत एवढंच लिहिलं होतं की बाबांना सवड झाली का.

ती चिठ्ठी मी यांना तीनदा वाचून दाखवली. तिन्ही वेळा हे 'हो, हो' म्हणाले आणि झोपी गेले. माणूस दारू पिऊन आला असता तर चार शिव्या तरी हासडल्या असत्या. हा देवाच्या कामावरून पाय सुजवून येतो. देवाशी भांडण काढायचं बळ माझ्यात उरलं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी आमच्याच घरी प्रार्थना असते. आधी प्रत्येकजण आपला प्रार्थनेचा विषय सांगतो, मग पाळक एकेक विषय घेऊन देवापुढे मांडतात. गयाबाईनं गुडघे सांगितले. चंपतनं कापसावरची अळी सांगितली. मी दरवेळी 'सगळ्यांचं भलं होवो' म्हणून मोकळी होते. त्या दिवशी मी म्हणाले, "भागीरथाले आणाचं हाय. तिच्या बापाले सवड भेटो, एवढाच माहा विषय."

यांनी डोळे मिटले. गुडघ्यांसाठी मागितलं, अळीसाठी मागितलं, आणि त्याच सुरात म्हणाले, "प्रभू, आमची बहीण भागीरथा, तिच्या अडचणीतून तू मार्ग काढ."

मंडळीत सगळेच भाऊबहीण, हे मला कळतं. सवयीनं आलं ते तोंडात. पण माझ्या तोंडून आमेन काही निघालं नाही. राग आला असता तर बरं झालं असतं, तोही आला नाही. मी उठून चुलीपाशी जाऊन बसले.

मंडळीचा कारभार पाहणारे वडीलधारे लक्ष्मणराव निघताना दारात थांबले. यांना म्हणाले, "पाळक, उद्याचं आमी पाहून घेतो. तुमी सकाळच्या बसनं निंघा."

उद्याच्या उपासनेत प्रभुभोजन आहे, सोमवारी जातो, असं हे म्हणत होते. लक्ष्मणरावांनी ऐकून घेतलं. "प्रभुभोजन पुढच्या रविवारी घेऊ. सोमवारी तुमाले दुसरं काई निंघन."

रविवारी सकाळी दोन्ही बसमध्ये हे माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपले. खांदा भरून आला, तरी मी हलले नाही.

विहीणबाईंकडे जेवणं झाली. भागीरथा पिशवी घेऊन जड पावलांनी दाराशी आली, तेव्हा विहीणबाई म्हणाल्या की प्रार्थना करून निघा. यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. प्रवासाची प्रार्थना यांना झोपेतही येते.

"प्रभू, आमच्या या बहिणीला..." हे थांबले. मग हळूच म्हणाले, "माह्या लेकीले..."

पुढचं काही येईना. सहा गावांत ज्याला कधी शब्द कमी पडला नाही, तो माणूस नुसता उभा राहिला. भागीरथानं डोळे उघडून बापाकडे पाहिलं, पण डोकं हलवलं नाही. यांचा हात तिथंच राहिला.

बस चुकली असती. काल अडलेलं आमेन मीच म्हणाले, आणि लेकीची पिशवी यांच्या हातात दिली.