पत्ता बदलला, आणि मी महाग झाले

मित्रांनो, मिस्त्रीच्या गॅरेजमागे, जुन्या टायरांच्या ढिगाशेजारी एक निळी गाडी उभी दिसते ना, ती मी. छप्पर मागून बसले आहे, काचा गेल्या आहेत, मांजरीने माझ्यात पिल्ले घातली आहेत. खुशाल हसा. पण मला भंगार म्हणू नका. भंगार झिजून होते. मी झिजले नव्हते. धडधाकट होते, कामाची होते, आणि एका घरच्या ताठ मानेपायी मोडले.

माझी सुरुवात थाटाची. कारखान्यातून निघालो तेव्हा आम्ही सगळ्या एकाच साच्यातल्या, पण जी ती स्वतःला राणी समजत होती. मीही. दुकानात एक मुलगी आली. साधी चप्पल, खांद्याला भलीमोठी पिशवी. विकणाऱ्याने तिला विचारले, "वडील मागून येतायत का?"

ती म्हणाली, "वडील कशाला? गाडी मला चालवायची आहे."

मला तिथेच ती आवडली. बाईला असे बोलता आले पाहिजे. पुढे तिला ते नेहमी जमले असते, तर आज मी इथे नसते.

ती व्यायाम शिकवणारी बाई होती. धट्ट्याकट्ट्यांना नव्हे. ज्यांचे हातपाय आजाराने लुळे पडले, त्यांच्या घरी जाऊन त्यांना पुन्हा बसायला, उठायला, घास उचलायला शिकवायची. मला तिने स्वतःच्या कमाईने घेतले. माझ्या डिकीत रबरी पट्टे, चेंडू, काठ्या, चालायचा चौकटी आधार, सगळा संसार असे. शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आम्ही दोघी हिंडायचो. खाटेला खिळलेला माणूस काही महिन्यांनी मला बघायला दारापर्यंत आलेला दिसला की माझे इंजिन नुसते आनंदाने घुमायचे.

मग तिचे लग्न झाले. नवरा चष्मेवाला. चष्म्याचे दुकान, स्वभावाने गरीब, आईच्या अर्ध्या वचनात. आणि त्याची आई, म्हणजे सासूबाई! पहिल्या दिवशी त्या माझ्याभोवती फिरल्या, जशा काही स्थळ बघायला आल्या होत्या.

"रंग काय हा? शाळेच्या गणवेशासारखा!"

पण महिन्याभरात शेजारणींना सांगू लागल्या, "आमची गाडी." 'सुनेची' हा शब्द काही त्यांच्या जिभेवर बसला नाही. मागच्या सीटवर मधोमध बसायच्या, पाठ ताठ, पर्स मांडीवर. लाल दिव्याला थांबलो तरी म्हणायच्या, "का थांबलीस गं? आपल्याला उशीर होतोय." खोटे कशाला बोलू, मला त्या आवडायच्या. एक पाहुणा माझ्या दाराला टेकला तर म्हणाल्या, "अहो, गाडी आहे ती. भिंत नाही."

तेव्हा आमचे घर मोठे होते. मला स्वतःची खोली होती, लोखंडी शटर होते. ऊन नाही, धूळ नाही. वर्षाला एकदा विमेवाला यायचा. अपघात झाला, चोरी झाली, तर भरपाई मिळावी म्हणून विमा. तो माझ्याभोवती फिरायचा, वाकून बघायचा आणि म्हणायचा, "एक ओरखडा नाही हो!" सासूबाई अशा हसायच्या, जसे काही त्यांच्याच पाठीवर शाबासकी पडली.

पुढे भावाभावांत वाटण्या झाल्या. मोठे घर थोरल्या दिरांकडे गेले, माझी खोलीही. आमच्या वाट्याला आल्या दुकानावरच्या दोन खोल्या. घर फिरले की घराचे वासेही फिरतात म्हणतात, ते खोटे नाही. सासूबाईंनी जिना चढताना एकदाही धापा टाकल्या नाहीत. वर पोचल्या आणि म्हणाल्या, "हवा चांगली आहे." मग खिडकी लावून घेतली.

मी राहिले खाली, रस्त्यावर, दुकानापुढे. गल्ली अरुंद. हातगाडीवाल्याने आरसा मुडपून जावे, टेम्पोने बंपरला बंपर घासावा, पोरांनी धुळीत बोटाने माझ्यावर माकड काढावे. आणि त्याच वर्षी विमेवाल्याने नवा आकडा सांगितला.

चष्मेवाल्याने स्वतःचा चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आकडा तोच.

"अहो, हे काय? गाडी तीच, चालवणारी तीच. उलट एक वर्षानं म्हातारी झालीय. स्वस्त व्हायला हवी!"

"गाडी तीच आहे हो. पत्ता बदलला ना," विमेवाला म्हणाला.

सासूबाई दुकानाच्या पायरीवर उभ्या होत्या. "पत्ता बदलला म्हणून माणसं बदलली का? आम्ही काय एका रात्रीत आंधळे झालो गाडी चालवायला?"

"तसं नाही आजी. तिथे गाडी शटरच्या आत होती. इथे उघड्यावर. या भागात गाड्या ठोकल्या जातात, आरसे चोरीला जातात, भरपाईचे अर्ज जास्त येतात. कंपनी तेच बघते. नुसता तुमचा हात नाही बघत, गल्लीही बघते."

"म्हणजे गल्ली वाकडी आणि दंड आम्हाला?"

"सुक्याबरोबर ओलंही जळतं, आजी."

विमेवाला माणूस वाईट नव्हता. जाता जाता त्याने तोडही सांगितली. "जवळपास कुणाची बंद जागा बघा, फाटक असलेली. गाडी तिथे ठेवायला लागलात की मला कळवा. आकडा बराच खाली येईल."

आणि जागा होती! चार घरे सोडून इस्त्रीवाली राहायची. मोठे अंगण, त्याला कुलपाचे फाटक. दिवसभर दोऱ्यांवर चादरी वाळायच्या, संध्याकाळी अंगण रिकामे. तिने सगळे ऐकले होते. गल्लीत काय लपते? इस्त्रीचे कपडे द्यायला आली आणि आपण होऊन म्हणाली, "ताई, गाडी माझ्या अंगणात लावत जा की. फाटक आहे, कुत्रा आहे. मला काय त्याचं ओझं?"

माझ्या बाईचा चेहरा उजळला. पण सासूबाई पुढे झाल्या.

"नको गं बाई. आमची गाडी आमच्या दारात बरी."

इस्त्रीवाली गेल्यावर माझी बाई म्हणाली, "आई, ती आपण होऊन देत होती. गाडीला बरं पडलं असतं."

"आज तिच्या अंगणात गाडी, उद्या गल्लीभर डंका. मोठं घर गेलं, आता गाडी लावायलाही जागा नाही बिचाऱ्यांना! ते 'बिचाऱ्यांना' ऐकायला मी अजून मेलेली नाही."

मित्रांनो, रागावू नका त्यांच्यावर. ज्याचे सगळे जाते, तो नाक तेवढे घट्ट धरून ठेवतो. पण नाकापेक्षा मोती जड झाला की नाकच फाटते.

चष्मेवाल्याने मग मधला मार्ग काढला. मधला मार्ग म्हणजे आई रागावणार नाही असा मार्ग. त्याने पूर्ण विमा सोडला आणि कायद्यापुरता घेतला. म्हणजे माझ्यामुळे दुसऱ्याचे नुकसान झाले तर भरपाई, माझे झाले तर राम राम. माझ्या बाईला हे संध्याकाळी कळले. ती माझी काच पुसत होती. फडके तसेच हातात राहिले.

"मला विचारायचं तरी. माझी गाडी आहे ना ती?"

"एका वर्षाचा तर प्रश्न आहे," तो म्हणाला. "तू जरा सांभाळून चालव म्हणजे झालं."

"मी सांभाळूनच चालवते. उभी असताना कोण सांभाळणार?"

तो दुकानात निघून गेला. तिने पुन्हा विचारले नाही. गाड्यांच्या दुकानात ताठ बोललेली ती मुलगी कुठे गेली, असे मला फार वाटले. मला तोंड असते तर मीच भांडले असते. मला फक्त हॉर्न आहे, आणि तो दुसऱ्याने दाबावा लागतो.

त्या दिवसांत आम्ही रोज पुलापलीकडे जात होतो. तिकडे बस जात नाही. लाकडाच्या वखारीमागे एक सुतार राहायचा. अर्धांगाचा झटका येऊन त्याची उजवी बाजू गेली होती. जन्मभर ज्या हाताने दारे-खिडक्या केल्या, तो हात मांडीवर मेलेल्या माशासारखा पडलेला असायचा. बायकोवर खेकसायचा, माझ्या बाईवरही. "कशाला येता? हा हात गेला."

ती म्हणायची, "गेला तर जाऊ दे काका. मी त्याला आणायला आलेय." आणि मुठीत चेंडू द्यायची.

आधी बोटे हलली. मग चेंडू धरता आला. मग रंधा नुसता धरून बसायचा, फळीवर टेकवून. एक दिवस तो आधार घेत आम्हाला पोचवायला बाहेर आला, आणि त्याच उजव्या हाताने त्याने माझे दार उघडले. खटका दाबायला किती वेळ लागला म्हणता! माझ्या बाईने मदत केली नाही, नुसती उभी राहिली. दार उघडले तेव्हा सुतार म्हणाला, "बिजागरी सैल आहे या दाराची. मी करून देईन नीट." आणि लहान पोरासारखा रडला. ती म्हणाली, "अजून थोडेच महिने, काका. आता सोडायचं नाही. मधेच सोडलं तर हात पुन्हा आखडतो."

हे सगळे चालू असताना इकडे सासूबाईंनी नवे काढले. दुकान छोटे दिसते म्हणे. वरती पाटी म्हणून लोखंडी चष्मा हवा, मोठा, नव्या रंगाचा. "थोरल्याला त्याच्या गच्चीवरून दिसला पाहिजे!" वेल्डिंगवाल्याने खाटेएवढा चष्मा केला. भिंतीवर ठोकून बघितले आणि म्हणाला, "वीट जुनी आहे आजी. खालून टेकू द्यावा लागेल."

"टेकू दिलेला चष्मा कधी बघितलास का रे? शोभा जाते."

आणि तो चष्मा लागला. बरोबर माझ्या डोक्यावर, कारण गल्लीत आमची म्हणून तेवढीच जागा होती.

एका दुपारी वारा सुटला. धूळ उडाली, दोऱ्यांवरच्या चादरी फडफडल्या. माझी बाई खांद्याला पिशवी लावून जिना उतरत होती; सुताराकडे निघाली होती. वर काहीतरी करकरले. मग विटांचा भुगा, आणि मग तो चष्मा माझ्या पाठीवर. काय आवाज झाला! सगळ्या काचा एकदम गेल्या.

गल्ली धावली. सासूबाई खिडकीतून ओरडल्या, "कुणाला लागलं का?"

"नाही!" खालून कुणीतरी म्हणाले.

"मग रडताय काय? गाडी तर गाडी. विमा आहे ना!"

चष्मेवाला बुटांकडे बघत म्हणाला, "आहे. दुसऱ्याच्या गाडीचा."

तेव्हा सासूबाईंना पहिल्यांदा कळले की मुलाने नेमके काय सोडले होते. त्यांना वाटत होते, विमा म्हणजे विमा. त्यांनी विचारले नव्हते, त्याने सांगितले नव्हते. त्या घरात विचारणे म्हणजे कमीपणा.

इस्त्रीवालीने माझ्यावरच्या काचा झाडल्या. एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते. मिस्त्रीने मला खालून-वरून बघितले आणि मान हलवली. सांगाडाच वाकला होता. मला सरळ करायच्या खर्चात दुसरी जुनी गाडी आली असती, आणि तेवढे त्यांच्याकडे नव्हते.

आता माझी बाई बसने जाते. जवळची घरे होतात. पुलापलीकडे भाड्याच्या गाडीने जावे तर भाडे फीच्या वर. ती सुताराच्या बायकोला फोनवर सांगत राहिली, "येते हं, बघते काहीतरी." मग फोन येईनासे झाले.

परवा माझी बाई आणि सासूबाई माझ्यातले सामान न्यायला आल्या. मागची सीट दबलेली, म्हणून सासूबाई पुढे बसल्या, सुनेच्या शेजारी, पहिल्यांदाच. बराच वेळ पर्सच्या पट्ट्याशी चाळा करत होत्या.

"तो सुतार कसा आहे गं आता?"

"माहीत नाही, आई."

"रंधा धरायला लागला म्हणत होतीस ना तू?"

"लागला होता."

"मग एकदा जाऊन बघून ये की त्याला."

माझ्या बाईने मोकळ्या चौकटीतून समोर बघितले, जिथे काच होती.

"कशानं जाऊ?"

सासूबाईंनी पदराचे टोक घेतले आणि माझ्यावरची धूळ पुसायला लागल्या. आता कशाला पुसता, असे मला म्हणायचे होते. पण पुसू दिले.

मित्रांनो, घर बदलाल तेव्हा कपाट कुठे ठेवायचे ते बघता, तसे गाडी कुठे उभी राहील तेही बघा. विमेवाल्याने आकडा वाढवला तर चिडून उठू नका; का वाढला ते विचारा, आणि कमी कशाने होईल तेही. शेजारीण फाटक उघडत असेल तर आत जा, त्याने कुणी लहान होत नाही. आणि वस्तू ज्याची आहे, त्याला विचारल्याशिवाय तिचा निकाल लावू नका.

उद्या मिस्त्री माझे इंजिन काढणार आहे. चांगले आहे, कुणाच्या तरी गाडीत बसेल, आणि मला त्याचे काही वाईट वाटत नाही. ज्याला मिळेल त्याला माझा एवढाच निरोप सांगा: पुलापलीकडे, वखारीमागे एक सुतार आहे. त्याचा हात अर्धाच आला आहे.