सात डबे आणि एक स्टूल

विक्रोळीच्या कारखान्यात कुंडलिक आग विझवण्याच्या खात्यात होता. एकोणीस वर्षांच्या नोकरीत त्याने एकच आग विझवली होती, तीही साहेबाच्या कचऱ्याच्या टोपलीतली. पण दर दिवाळीला तो कामगारांना बजावायचा, "घरी सांगा, तेल तापत असताना ओट्यापासून हलू नका. एकाने तळायचं, दुसऱ्याने झाकण घेऊन बसायचं."

दुसरा माणूस म्हणजे तो स्वतः. बायको विमला करंज्या तळायची आणि हा शेजारी स्टुलावर, मांडीवर झाकण घेऊन बसायचा. "हात लावू नका, बोलू नका, नुसते बसा," ती म्हणायची. हे त्याला झकास जमायचं.

गेल्या वर्षी श्रावणात विमला गेली. दुखवट्याच्या घरात फराळ करत नाहीत, म्हणून चाळीतल्या सात घरांनी डबे पाठवले. फराळ संपला, डबे राहिले. रिकामा डबा परत कसा करणार? रीतच नाही. मग तो वर्षभर सात दारांसमोरून मान खाली घालून जाऊ लागला. लोकांना वाटलं, बायको गेल्यापासून माणूस तुटला. खरं म्हणजे तो डबे चुकवत होता. पुढे पुढे त्यालाही फरक कळेना.

यंदा, शहाऐंशीच्या दिवाळीत, काहीही करून डबे भरायचे त्याने ठरवलं. पीठ मळलं. तळण निर्विघ्न व्हावं म्हणून विमला करायची तसा चिमूटभर पिठाचा गणपती ओट्यावर बसवला. गॅस पेटवून तेल चढवलं आणि स्टुलाकडे पाहिलं.

स्टूल रिकामं. नियम म्हणजे नियम.

म्हणून झाकण घेऊन बसणारा माणूस शोधायला आगवाला कुंडलिक तेल तापत ठेवून बाहेर पडला.

सगळे खरेदीला गेले होते. सहा दारांना कुलूप. सातवं शेवंतीवहिनींचं. त्याही एकट्याच, मुलगा नोकरीला सुरतेला.

"वहिनी, जरा माझ्याकडे बसायला येता?"

"बसाक? वर्सभर तोंड लपवतास आणि आता बसाक? माजो डबो खंय आसा?"

"तोच भरतोय. तेल ठेवलंय—"

बोलता बोलता त्याच्या नाकाला वास आला. दोघं धावली. कढईवर हातभर ज्वाळा. वहिनींनी पाण्याची कळशी उचलली.

"पाणी नको!" कुंडलिक एवढ्या जोरात आयुष्यात ओरडला नव्हता. हाताला आलं ते झाकण त्याने कढईवर सरकवलं, गॅस बंद केला. एकट्याची लहान कढई, झाकण बरोब्बर बसलं. आग गुदमरून मेली.

झाकण वहिनींच्याच डब्याचं होतं. आता काळंकुट्ट.

वहिनींनी धापा टाकत इकडेतिकडे पाहिलं. "ह्यां स्टूल कोणाचां?"

"माझं. विमला तळायची, मी बसायचो."

"मगे आज उभे कित्याक ऱ्हवलात?"

कुंडलिकने मळलेल्या पिठावर फडकं टाकलं.

"माज्यो करंज्यो तळूच्यो आसत," वहिनी म्हणाल्या. "तुमचां पीठ घेवन येवा. स्टूलय हाडा."

झाकण निवल्यावर कुंडलिकने सिलिंडरचा खटका दोनदा तपासला. एका हातात पिठाचं पातेलं, काखेत स्टूल. वहिनींचा डबा तेवढा रिकामा न्यायचा नव्हता. त्याने ओट्यावरचा पिठाचा गणपती आत बसवला आणि वर ते काळं झाकण लावलं.