जयवंताचा मल्लखांब

मित्रांनो, मी एक जुना मल्लखांब आहे. अमरावतीच्या एका व्यायामशाळेच्या मागच्या पडवीत मी आडवा पडून असतो. माझ्याकडे आता सहसा कोणी येत नाही. पण एके काळी साऱ्या वऱ्हाडाच्या नजरा माझ्यावर खिळत असत.

मी मेळघाटातला साग. सुताराने मला तासून बुंध्याशी जाड आणि वर निमुळते केले, मानेवर गोल बोंड कोरले. आपला वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता, त्या काळची ही गोष्ट. खुशालराव नावाचे वस्ताद मला रोज एरंडेल चोळत. मुले त्यांना गुरुजी म्हणत. माझ्यावर खेळायला फक्त मुलगेच येत.

व्यायामशाळेतल्या मारुतीला वलगावची रुख्मिणी माळीण फुले घेऊन यायची. तिच्याबरोबर तिची लेक जयवंता असे. आई फुले वाहीपर्यंत ती माझ्याकडे टक लावून बघे. एकदा आखाडा रिकामा होता. तिने परकर खोचला आणि खारीसारखी सरसर माझ्या बोंडावर जाऊन बसली. मागे खुशालराव उभे होते. ते रागावले नाहीत. त्यांनी तिला सावकाश उतरायला सांगितले आणि दुसऱ्याच दिवशी तिला खेळ शिकवू द्या म्हणून सांगायला ते वलगावला गेले.

जयवंताच्या बापाला, नत्थुजींना, ते रुचले नाही. लोक नावे ठेवतील असे ते म्हणाले. तेव्हा रुख्मिणी बोलली, "चिंचेवर चढते, इहिरीत उतरते, तवा लोक नाई बोलत. आता काहून बोलतीन?"

मग जयवंता रोज येऊ लागली. खुशालरावांच्या बायकोने तिला खेळताना घालायला आखूड चोळणा शिवून दिला. मित्रांनो, माझ्या अंगावर कितीतरी हात फिरले, पण तिच्यासारखा हात दुसरा नव्हता. ती मला कवळायची ती आपल्या माणसाला कवळावे तशी. बोंडावर एका पायावर उभी राहून ती दोन्ही हात पसरायची, तेव्हा मैदानातली कुजबुज थांबायची. अकोल्याच्या जत्रेत तिचा खेळ झाला आणि लोकांनी तिला खांद्यावर घेऊन मिरवले. तिच्यामुळे आणखी मुली येऊ लागल्या. सकाळी आखाड्यात त्यांचे हसणे भरून राही.

पुढे बातमी आली की आमच्या व्यायामशाळेचे पथक विलायतेत खेळ दाखवायला जाणार. त्यात एकच मुलगी असणार होती, जयवंता. वलगावात तर ती बोटीवर चढल्यासारखाच आनंद झाला. फक्त नागपूरहून मोठे पाहुणे येऊन शेवटची निवड करायची राहिली होती.

पण तिचे उजवे मनगट त्या सुमारास सुजले होते. मला ते तिच्या पकडीतून कळत होते. पाहुणे आले त्या सकाळी ती गुरुजींना म्हणाली, "गुरुजी, मनगटात जीवच नाई राहिला."

खुशालरावांनी मनगट दाबून पाहिले. मग गच्च भरलेल्या मैदानाकडे पाहिले. त्यांनी पट्टी आवळून बांधली आणि म्हणाले, "एवढा एक खेळ कर, बेटा. मंग महिनाभर तुले खांबाले हात लावू देत नाई."

ती चढली. सारे खेळ नीट झाले. शेवटी तिने वर पाय करून एका हातावर अंग तोलले, आणि ते मनगट वाकले. ती खाली आली तेव्हा हात अंगाखाली दुमडला होता. खालची माती मऊ होती, तरी कोपर मोडायचे ते मोडलेच.

हाडवैद्य झाले, सरकारी दवाखाना झाला. हात काही पुन्हा सरळ झाला नाही. खुशालराव वलगावला जाऊन आले त्या संध्याकाळी माझ्यावर कपाळ टेकून रडले. नत्थुजींनी त्यांना पाणी दिले होते, कोणी शिवी दिली नव्हती. रुख्मिणीने एवढेच विचारले होते, "तिनं तुमाले सांगतलं होतं, गुरुजी. मंग काहून चढवलं?"

पथक तिच्याविना निघाले. बडनेऱ्याच्या स्टेशनावर ती हार घेऊन गेली होती म्हणे. डाव्या हाताने तिने एकेकाच्या गळ्यात हार घातला, आणि गाडी हलल्यावरही ती तिथेच उभी होती. खुशालराव विलायतेला गेले नाहीत. त्यानंतर त्यांनी कोणालाच शिकवले नाही. आयांनी आपापल्या मुली घरी ठेवल्या. सकाळचे ते हसणे बंद झाले. जयवंता लग्न होऊन बार्शीटाकळीला गेली. पुढे माझ्या मानेला चीर पडली आणि मला उपटून इथे टाकले.

परवा एक बाई आली. उजवा हात पोटाशी वाकलेला होता. पदराने तिने माझ्यावरची धूळ पुसली, आणि मी तिला ओळखले. तिची लहानगी लेक माझ्यावर चढली आणि हात पसरून तोल सांभाळत चालू लागली. चाल अगदी आईची. जयवंता क्षणभर बघत राहिली. तिचा चेहरा उजळला, आणि मग विझला.

"उतर, माय," ती हळूच म्हणाली. "चाल घरी."

पोर उतरली. दोघी गेल्या.

मित्रांनो, मला तेल लावा न लावा, वाळवी खाऊ द्या, लाकूड आहे मी. पण तुमच्यातला कोणी खेळताना 'दुखते' म्हणाला, तर त्याला तिथेच थांबवा. मैदान कितीही भरलेले असो, त्याचा हात धरून त्याला खाली घ्या.