मेलेल्याचा श्वास

वहिनींनी स्टुडिओतली खुर्ची ओढली, पर्स मांडीवर ठेवली आणि सरळ सांगून टाकलं, की त्यांना गाणी नकोत, नवऱ्याचा नुसता श्वास ऐकायचाय. त्यांचा नवरा, बँडचा गायक, जाऊन महिना झाला होता. गाणी काय, उठल्यासुटल्या कुठेही वाजतात, त्या म्हणाल्या. पण रात्री शेजारी जे ऐकू यायचं ते कुठेच नाही.

बँडचा ध्वनिमुद्रक चांगलाच पेचात पडला. त्यांचा बँड गॉथिक, म्हणजे भुताखेतांची, मरणाची काळोखी गाणी. गायक अकरा वर्षं एकाच व्हॅम्पायरची, मेल्यावरही न संपणाऱ्या रक्तपिपासूची, गाणी गात आला: बायको गेली, मुलं म्हातारी होऊन गेली, आणि हा आपला तसाच, मरणाची वाट बघत. मेलेला श्वास कसा घेईल, असा गायकाचा हट्ट. म्हणून दोन ओळींमधला प्रत्येक श्वास ध्वनिमुद्रकाने कापायचा, असा शिरस्ता पडला. एरवी हा अमर गायक आइस्क्रीम खाल्लं की आठवडाभर शिंकायचा. पण गाण्यांत त्याचा एक उसासा सापडेल तर शपथ!

आता या बाईला कोणत्या तोंडाने सांगायचं? बिचाऱ्याने जुन्या फायली उपसल्या. बहुतेक पुसलेल्या होत्या. तासाभराने शेवटच्या अल्बमची एक कच्ची फाईल हाती लागली, न कापलेली. त्याला इतकं हायसं वाटलं की पुढचा-मागचा विचार न करता त्याने हेडफोन वहिनींच्या हातात दिले.

त्या डोळे मिटून ऐकत राहिल्या. आधी चेहरा निवळला. मग हळूहळू त्यांनी पर्सचा पट्टा घट्ट धरला. श्वास आखूड होता, शेवटाला घरघरत होता. गाणं संपल्यावर त्यांनी हेडफोन काढले.

"हे कधीचं?"

"मार्चमधलं."

"मला त्यांनी नोव्हेंबरात सांगितलं, दम लागतो म्हणून. डॉक्टर म्हणाले, सहा महिने आधी आला असतात तर."

 ध्वनिमुद्रकाला खोटं बोलणं सोपं होतं.

"तुला तेव्हा ऐकू आलं होतं?"

"आलं होतं, वहिनी. प्रत्येक गाण्यात."

"मग काय केलंस?"

"कापलं."

 वहिनींनी हेडफोन पुन्हा कानांवर चढवले, फाईल पहिल्यापासून लावायला सांगितली आणि त्याला खोलीबाहेर जायला सांगितलं.