अठराच्या आतला कागद

एका बोक्याच्या लसीचा दाखला.

एम्पानादांचे, म्हणजे इथल्या तिखट करंज्यांचे, भाव. चीजच्या करंज्या वरच्या ओळीत, मांसाच्या खालच्या.

"आज मासे नाहीत."

बसचालकाच्या आईचा एकुलता एक फोटो.

निळ्या शाईतले प्रेमपत्र, नाव दिसू नये अशी घडी घातलेले.

विदलिनच्या जन्माचा उतारा.

मित्रांनो, हे सगळे माझ्या दोन गरम रुळांमधून गेले आहे. मी एक जुने लॅमिनेशनचे यंत्र आहे. माझे कारखान्यातले दिवस मला आठवत नाहीत. एका बंद पडलेल्या शाळेतून एर्सिलियाने मला उचलून आणले, एवढे आठवते. तेव्हापासून मी सान्तियागोत, कागदांवर शिक्के मारणाऱ्या कचेरीसमोरच्या तिच्या टपरीत आहे. मी तापलो की माझा हिरवा दिवा लागतो. तो लागला की लोक आपोआप रांग धरत. "माझ्या नवऱ्यापेक्षा हाच जास्त कामाचा," असे ती गिऱ्हाइकांना सांगे, आणि तिचा नवरा शेजारी बसून हसे.

मिरलांद हैतीची. ती बेकरीत पहाटेपासून पाव मळायची. सात वर्षे ती दरवर्षी परवान्याची मुदत वाढवून घेत होती. मग एके दिवशी तिला कायमचा रहिवास मिळाला. पत्र घेऊन ती थेट टपरीवर आली आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचू लागली. कुठेही काम करता येईल, मालक बदलता येईल. दरवर्षीची मुदतवाढ संपली. सलग दोन वर्षे देशाबाहेर राहिलीस तर मात्र हे सगळे जाईल. शेवटच्या ओळीवर तिचे बोट थांबले. अठरा वर्षांच्या आतल्या मुलांना बोलावता येईल.

तिची मुलगी विदलिन गावी होती, साडेसतरा वर्षांची.

मित्रांनो, मिरलांदच्या गावात पूर यायचे. पुरात घरे जात आणि घरांबरोबर कागदही जात. विदलिनचा पहिला उतारा असाच चिखलात गेला होता. म्हणून तिकडची माणसे कागद डब्यात घालतात, डबा पिशवीत घालतात आणि पिशवी छताला टांगतात. बहिणीने पाठवलेला नवा उतारा हाती आला तेव्हा मिरलांदने तेच केले, फक्त शहरी पद्धतीने. तिने तो मला दिला. मी तो चकचकीत करून बाहेर काढला. मला माझा अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी शिक्क्याच्या खिडकीवरच्या माणसाने त्यावर शिक्का मारला आणि अंगठा फिरवला. शाई पुसली गेली. त्याने कागद परत सरकवला. प्लास्टिकवर शिक्का बसत नाही, आणि शिक्क्याशिवाय अर्ज जात नाही.

ती टपरीवर परतली तेव्हा एर्सिलियाने इस्त्री काढली. आधी तिने एका जुन्या भावफलकावर प्रयोग केला. प्लास्टिक निघाले, पण अक्षरे त्यालाच चिकटून आली. ती उताऱ्याकडे हात नेऊ लागली तेव्हा मिरलांदने तिचे मनगट धरले.

"राहू द्या, सेन्योरा. पुरे झालं."

"अगं, एक कोपरा बघते फक्त."

"कोपऱ्यातच तर तिच्या बापाची सही आहे. दुसरा उतारा मागवते मी."

"तुमच्या राजधानीत टोळ्यांनी रस्ते अडवलेत म्हणतेस ना?"

"अडवलेत. बहीण फिरून जाईल."

बहीण गेर्दा खरोखरच फिरून गेली. आधी बोटीने, मग मोटारसायकलवर. दोनदा तिला परत पाठवले. दर मंगळवारी मिरलांद टपरीशी उभी राहून फोन लावायची, आणि एर्सिलिया स्टूल पुढे करायची. मिरलांद कधी बसली नाही. एका मंगळवारी विदलिनच फोनवर आली. तिने विचारले, "आई, वाढदिवस पुढे ढकलू का?"

"वाढदिवस राहू दे. शाळा सोडू नकोस. उशीर झालाच तर शिकणाऱ्या मुलांसाठी वेगळी वाट आहे. अरुंद आहे, पण आहे. मी दोन्ही दारं ठोठावणार."

दुसरा उतारा हैतीहून येणाऱ्या एका नर्सच्या सामानातून आला. मिरलांदने तो पावाच्या सपाट खोक्यात ठेवून आणला. एर्सिलियाने तो हात पाठीमागे बांधून पाहिला. या वेळी शाई बसली. वाढदिवसाला नऊ दिवस उरले असताना अर्ज दाखल झाला. पुढच्या शरद ऋतूत विदलिन आली. तिने टपरीवर येऊन माझ्याकडे बराच वेळ पाहिले, आणि मग आईला विचारले की हाच का तो.

आता माझ्या डोक्यावर पाटी आहे: "जन्माचे, लग्नाचे मूळ कागद इथे लॅमिनेट होणार नाहीत. झेरॉक्स आणा." पूर्वीची रांग गेली. मी बहुतेक थंडच असतो आणि माझ्यावर धूळ बसते. माझी त्याबद्दल तक्रार नाही. मित्रांनो, तुमचे मूळ कागद उघडे राहू द्या. त्यांना पाण्यापासून जपा, उंदरांपासून जपा, पण शिक्क्याला बसायला जागा ठेवा. मला नकला द्या. नकला मी आनंदाने चकचकीत करीन.

पहिल्या दिवशी उतारा माझ्यात सरकवण्याआधी मिरलांदने विचारले होते, "हे परत उघडता येतं ना?" एर्सिलियाने हो म्हटले होते.