तीनशे शब्दांचं निवेदन

रेवतीने अर्जात पहिल्या सत्राचे विषय भरले आणि आमची गॅलरी विद्यापीठात गेली. सोमवार होता, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. आवाज झाला नाही. गॅलरीचं दार होतं तिथे भिंत आली. तिला घरातल्यासारखाच फिका पिवळा रंग होता आणि कॅलेंडरसाठी एक खिळाही होता.

पंधरा मिनिटांनी फोन आला.

"प्रवेश विभागातून शेवडे बोलतेय. तुमची गॅलरी पोचली. दोरीवर दोन टॉवेल आणि एक उशीचा अभ्रा आहे. ठेवायचे की परत पाठवायचे?"

"ठेवा," मी म्हणालो.

"कुंडीतली तुळस वाळलेली आली आहे. तशी नोंद केली आहे."

रेवती माझी मुलगी. वय अठरा, बारावी कला शाखा, एक्क्याऐंशी टक्के. तिला राज्यशास्त्रात पदवी घ्यायची होती. तीही आमच्या गावातल्या कॉलेजात नाही, सातशे किलोमीटरवरच्या विद्यापीठात. तिथली पद्धत अशी की, प्रवेश मागणाऱ्याने तीन वर्षांचा आराखडा आधीच द्यायचा. सहा सत्रं, प्रत्येक सत्राचे विषय आणि शेवटी तीनशे शब्दांचं निवेदन. आराखड्यात जे लिहिलं जातं ते होतं. जे लिहिलेलं नाही ते होत नाही. माहितीपुस्तिकेच्या चौथ्या पानावर हे छापलेलं आहे. मुदत गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत होती.

मी जिल्ह्याच्या दैनिकात सव्वीस वर्षं उपसंपादक आहे; त्या आठवड्यात रजेवर होतो. मुदतीची मला भीती वाटत नाही. मला फक्त एवढंच हवं होतं की तिने जावं, शिकावं आणि परत यावं. घरात आम्ही दोघंच उरलो होतो.

दुपारी शेजारच्या चिंचोळकर काकू पिठाची चाळणी मागायला आल्या. भिंतीकडे बघून म्हणाल्या, "काहून हो भाऊ, गॅलरी कुठं गेली तुमची?"

"विद्यापीठात."

"पोरीच्या आधीच? बरं झालं बाप्पा. कबुतरं लय घाण करून राहिले होते."

चाळणी घेऊन त्या गेल्या.

मंगळवारी दुसऱ्या सत्राची पाळी होती. रेवती पेन हातात धरून बराच वेळ मधल्या खोलीच्या दाराकडे बघत बसली. सुनंदा, माझी बायको, चार वर्षांपूर्वी फुप्फुसाच्या आजाराने वारली. तेव्हापासून ती मधल्या खोलीत दुपारी तीन ते सव्वातीन खोकते. दिसत नाही. सुट्टीच्या दिवशी मी तिथे खुर्ची टाकून बसतो. पाण्याचा ग्लास भरून ठेवतो. तो तसाच राहतो.

"या सत्रात भारतीय राज्यघटना आहे, बाबा," रेवती म्हणाली. "ती सोडून चालत नाही."

"मग भर."

"मधली खोली गेली तर?"

"सगळं परत येणार आहे ना? तू परत येशील तेव्हा?"

"हो. ते मी निवेदनात लिहिणार आहे. मी आले की घर येईल."

"मग भर."

तिने भरलं. दार गेलं. तीन वाजता मी भिंतीला कान लावला. भिंत गार होती. सव्वातीनला मी विद्यापीठात फोन केला.

"खोली पोचली का?"

"पोचली," शेवडे बाई म्हणाल्या. "ग्रंथालयाला लागून जागा मिळाली आहे. आत्ता खोकल्याचा आवाज येत होता. मुलांच्या तक्रारी आल्या आहेत."

"मग तुम्ही काय करणार?"

"समिती नेमली आहे."

बुधवारी तुलनात्मक शासन आणि पाश्चात्य राजकीय विचार यांच्यामागे स्वयंपाकघर गेलं. चौथ्या सत्राबरोबर न्हाणीघर गेलं. अंघोळीला आम्ही चिंचोळकर काकूंकडे गेलो. काकूंनी आधी रेवतीला पाठवलं आणि मला चहा दिला. "माह्या पोरानं बीकॉम केलं," त्या म्हणाल्या. "फक्त एक कपाट गेलं होतं. ते बी लोखंडी."

"राज्यशास्त्राला जागा जास्त लागते," मी म्हणालो.

गुरुवारी सकाळी पाचवं सत्र भरलं, आंतरराष्ट्रीय संबंध, आणि बैठकीचा खिडकीकडचा अर्धा भाग गेला. दुपारी सहाव्या सत्राबरोबर पंखा आणि दोनपैकी एक खुर्ची गेली. आता एक टेबल, एक खुर्ची आणि जिन्याचं दार एवढंच घर होतं. आम्ही एका खुर्चीवर अर्धे अर्धे बसलो. माझे गुडघे समोरच्या भिंतीला टेकत होते. त्या भिंतीला कमरेच्या उंचीवर एक फट पडली होती. फटीपलीकडे शेवडे बाईंचं टेबल होतं. त्यांचे हात, शिक्का, शाईचा पॅड आणि एक टेबलावरचं घड्याळ एवढं दिसत होतं. चेहरा दिसत नव्हता.

"निवेदन राहिलं," शेवडे बाईंचे हात म्हणाले. "चार वाजलेत."

रेवती लिहायला लागली. मी तिच्याकडे पाठ करून बसलो. लिहिणाऱ्याच्या खांद्यावरून वाचू नये हे आमच्या धंद्यात शिकवतात. तिच्या कोपराचा धक्का मला लागत होता. चार पंचेचाळीसला तिने कागद पुढे केले. मजकूर पहिला कागद भरून दुसऱ्यावर उतरला होता.

"मोठं झालंय," ती म्हणाली. "बाबा, तुम्हीच कापा. तुम्ही रोज कापता."

मी पहिला परिच्छेद वाचला. तिने लिहिलं होतं: "माझी आई ज्या वॉर्डात होती तिथल्या ऑक्सिजनच्या पाइपची फाइल सात महिने फिरत होती. ती कोणत्या टेबलावर किती दिवस थांबली आणि तिला थांबवण्याचा अधिकार त्या माणसाला कोणी दिला, हे मला शिकायचं आहे." चांगला पहिला परिच्छेद होता. त्या फाइलची बातमी मीच लावली होती, आतल्या पानावर, सात ओळी. तिच्या मजकुरात मी काही बदल केला नाही.

मग मी पेन्सिलीने शब्द मोजले. तीनशे अठरा. अठरा जास्त. घड्याळात आठ मिनिटं उरली होती. बातमी जागेत बसत नसेल तर खालून कापतात. महत्त्वाचं असतं ते वर असतं, म्हणून खालचं गेलं तरी बातमी मरत नाही. सव्वीस वर्षं मी रोज खालून कापतो आहे. मोजताना मी वाचत नाही. मोजताना वाचत बसणाऱ्याचं पान वेळेवर सुटत नाही. मी दुसऱ्या कागदावर शेवटून अठरा शब्द मोजले. शेवटचं वाक्यच बरोबर अठरा शब्दांचं निघालं. असं क्वचित होतं, आणि झालं की हाताला बरं वाटतं. फुटपट्टी लावून मी तेवढी कागदाची पट्टी फाडली. कड सरळ आली.

"झालं," मी म्हणालो.

रेवतीने सही केली. पालकांच्या रकान्यात मी केली. कागद फटीतून आत सरकवले. शेवडे बाईंच्या बोटांनी शब्द मोजले, शिक्का उचलला, पॅडवर दाबला आणि मारला. चार अठ्ठावन्न.

"पोच घ्या. टेबलही सोडा. ते निवेदनासोबत जमा होतं."

टेबल पायांकडून फटीत ओढलं गेलं. त्याच्यावरची पट्टी माझ्या मांडीवर पडली. मी ती वाचली.

"तीन वर्षांनी मी घरी परत येईन, तेव्हा बाबा निवृत्त झालेले असतील, आणि मग आम्ही दोघं याच टेबलावर जेवू."

मी वाकून फटीला तोंड लावलं. "बाई, एक वाक्य राहिलं."

"पाच वाजले."

"चूक माझी आहे. तिने लिहिलं होतं. मी कापलं."

"आमच्याकडे पूर्ण तीनशे शब्द आहेत. काही राहिलेलं नाही."

"ते शेवटी का लिहिलं तिने?" मी विचारलं. हे बाईंना विचारण्यात अर्थ नव्हता.

"शेवटचं म्हणून लिहिलं असेल," त्या म्हणाल्या.

मी पट्टी रेवतीपुढे धरली. तिने ती दोनदा वाचली, उलटी केली, मागची बाजू बघितली.

"कोणी लिहिलंय हे? अक्षर माझ्यासारखं आहे."

"तू लिहिलंस. पाव तासापूर्वी."

"नाही बाबा." ती रागावली नव्हती. कोणी वेळ विचारल्यावर सांगावी तसं ती म्हणाली, "मी कशाला परत येऊ?"

मी पट्टीची घडी घालायला गेलो. कागदावर आता अक्षरं नव्हती, फक्त माझ्या पेन्सिलीच्या अठरा खुणा होत्या.

"बाई," मी फटीत म्हणालो, "आता शेवटचं वाक्य कोणतं आहे?"

कागद उलटल्याचा आवाज आला. शेवडे बाईंनी सावकाश वाचून दाखवलं. "मी निघेन त्या दिवशी बाबा स्टँडच्या गेटपाशी उभे राहतील आणि बस वळेपर्यंत हात हलवतील."

"त्यानंतर?"

"शिक्का आहे."

फट मिटली. खुर्ची गेली. आम्ही दोघं जिन्याच्या दाराच्या चौकटीत उभे होतो आणि आमच्या मागे चिंचोळकर काकूंची भिंत होती. भिंतीतून त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. रेवतीच्या पायाशी बॅग होती. विद्यापीठ तेव्हा मिटलेल्या फटीपलीकडे हातभर अंतरावर असेल, पण निवेदनात बस लिहिलेली होती.

आम्ही चालत स्टँडवर गेलो. वाटेत मी तिला विचारलं, "भूक लागली आहे का?"

"नाही."

"चार्जर घेतलास?"

"घेतला. बाबा, तुम्ही काळजी करू नका. पोचले की फोन करते."

ते लिहिलेलं नव्हतं. आम्हा दोघांनाही ते कळलं, असं मला वाटतं, कारण ती एकदम थांबली आणि तिने माझ्या शर्टाची कॉलर नीट केली. तिला अजून काही म्हणायचं होतं. तिचे ओठ हलले. मग ती बसमध्ये चढली आणि ड्रायव्हरच्या मागच्या तिसऱ्या खिडकीत बसली.

मी गेटपाशी उभा राहिलो. पाच पन्नासला बस निघाली. मी हात वर केला आणि हलवला. रेवतीने काचेला तळहात टेकवला. बस पाण्याच्या टाकीपाशी वळली.

हात खाली आला नाही. निवेदनात बस वळण्यापुढे माझं काहीच लिहिलेलं नव्हतं. मी दुसऱ्या हाताने तो ओढून बघितला. तो हलत राहिला, एकसारखा, न दुखता. आत येणारी पहिली गाडी माझ्यासमोर थांबली. दार उघडलं, कंडक्टरने बघितलं, दार लागलं. मग दुसरी थांबली. तिच्यामागे तिसरी. रस्त्यावर गाड्यांची रांग लागली आणि प्रत्येक गाडी माझ्यापाशी येऊन थांबत होती.

"भाऊ, हात खाली करा," कंट्रोलर खिडकीतून ओरडला. "गाड्या थांबून राहिल्या ना तुमच्यासाठी!"

चौथ्या गाडीचं दार उघडलं. कंडक्टर पायरीवर वाकला आणि त्याने तिकिटाचं मशीन माझ्याकडे वळवलं.

"बोला. कुठं जायचं?"

मी तोंड उघडलं. हात हलत होता.