शून्याला किंमत नाही

गणिताच्या तासाला लिहायला लावा म्हणे! शिक्षकांना शिकवायला आलेल्या त्या बाईंनी हे सांगितलं, तेव्हा मला हसू आवरेना. शेजारी कवायतीचे सर कुजबुजले, "मी काय आता उड्यांवर निबंध घेऊ?" बाईंचे कान तिखट. म्हणाल्या, "घ्या की. कुठली उडी चुकली आणि का, एवढंच लिहायचं."

मला बाईंनी एकच काम दिलं. गणित चुकलं की फुली मारण्याआधी पोराकडून चार ओळी लिहून घ्यायच्या: 'मी हे असं का केलं?' अकरा वर्षं पाचवीला गणित शिकवतोय मी, आणि ही कालची पोर मला शिकवणार!

तरी माझ्या वर्गातल्या एका घुमीला लिहायला लावलं. तीच का, तर तिला शुक्रवारी चौथीत खाली बसवायचं होतं. अर्ज माझ्या टेबलावर, फक्त सही बाकी. ही पोरगी वर्गात अवाक्षर काढत नाही आणि तिचे भागाकार हटकून चुकतात. म्हटलं, हिच्या हातचा कोरा कागद बाईंच्या नाकासमोर नाचवू.

तिने सहाशे पंधरा भागिले तीन, उत्तर पंचवीस काढलं होतं. खाली लिहिलं होतं: 'मधे शून्य आलं होतं. पण सर रोज म्हणतात शून्याला काही किंमत नाही. म्हणून मी ते सोडून देते.'

हात्तिच्या! म्हणतो खरा. रोज म्हणतो. भोपळा मिळालेल्या पोरांना टोमणा म्हणून. आणि ही शहाणी तो नियम समजून पाळत बसली होती. मी कपाळावर हात मारला. लाज वाटली, खोटं कशाला बोलू?

मग तिच्यासाठी मीच लिहायला बसलो. पहिल्यांदा लिहिलं, 'शून्य रिकामे स्थान दर्शवते.' तिने वाचलं, मान हलवली. नाही कळलं. दुसऱ्यांदा पानभर खरडलं. ती म्हणाली, "सर, हे तर अजूनच नाही कळलं." आयुष्यात पहिल्यांदा बोलली, तेही हे!

तिसऱ्यांदा लिहिलं: 'सहाशे पंधरा खडू तिघांत वाटायचे. प्रत्येकाला शंभराची दोन खोकी मिळाली. दहाचं पाकीट एकच, ते तिघांना पुरेना. म्हणून पाकीट कोणालाच नाही, तिथे शून्य. पाकीट फोडलं, वरचे पाच धरून पंधरा झाले, प्रत्येकी पाच सुटे. शून्य सोडलंस तर दोन खोक्यांची दोन पाकिटं होतात.'

तिने ते दोनदा वाचलं. पेन्सिल घेतली आणि पाचाच्या अलीकडे शून्य घुसवलं. दोनशे पाच.

मी तिच्यादेखत अर्ज टराटरा फाडला. शाबासकी द्यायला तोंड उघडतोय, तोच ती म्हणाली, "सर, माझ्या ताईला तुम्ही खाली बसवलं होतंत. मग तिने शाळाच सोडली. तिला हे का नाही लिहून दिलंत?"

तिची ताई कोण, हेही मला आठवेना.